लानशिनच्या वाट्याचं रडणं

मापो गाव
आठवा महिना, पौर्णिमा उलटून तीन दिवस

लानशिन,

तुझ्या लग्नाचा दिवस ठरला. आपल्या चांद्र पंचांगाने बाराव्या महिन्याची सोळा. आणखी एक चांगला दिवस निघाला होता, पण तो डुकरं कापायच्या दिवसाला आडवा येत होता. तुझ्या आईबापाला कळवलंय. चपलांच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली तर येऊ, नाही मिळाली तरी येऊ, असं तुझी आई म्हणाली. तुझा बाप काही म्हणाला नाही. तो कधी म्हणतो?

फोन करू नकोस. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर खोटं बोलायला वेळ लागतो, हात दुखतो, शेवटी माणूस कंटाळून खरं लिहितं. मला दोन हिवाळे शाळा मिळाली. तेवढ्यात जेवढी अक्षरं आली तेवढी लिहीन, जिथं अडेल तिथं गोल काढीन. समजून घे.

आता रडण्याचं. तुला माहीत आहे, पण शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहिते. आपल्या डोंगरात नवरी जायच्या आधी कितीतरी दिवस रडायला बसते. आईसाठी रडायचं, बापासाठी रडायचं, भावासाठी रडायचं, आणि सगळ्यांत शेवटी लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थ बाईला गाण्यातून शिव्या द्यायच्या. गावातल्या निम्म्या बायकांना मी रडायला शिकवलं आहे. माझीच नात कोरडी गेली तर मी तोंड कुठं लपवू?

आजोबांना पुरलं तेव्हा तू शवपेटीजवळ खांबासारखी उभी होतीस. डोळ्यांतून टिपूस नाही. मी तेव्हा बोलले नाही, पाहुण्यांचा स्वयंपाक होता. पण छिनबाईने पाहिलं. आता तीच तुझी मध्यस्थ. नवरा तू स्वतःच शोधलास, तेही बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, तो ती दुरुस्त करायला आला तेव्हा, हे मला ठाऊक आहे. पण मध्यस्थ नसेल तर नवरी शिव्या देणार कुणाला, म्हणून तिला नेमली. ती गावभर सांगत फिरते की कोरड्या डोळ्यांची सून ज्या घरात जाते तिथली विहीर आटते. त्या लिफ्टवाल्याची आई ओढ्यापलीकडेच राहते, ती हे कान देऊन ऐकते. त्या बाईचा विहिरीवर फार जीव.

तेव्हा आतापासून सराव कर. लिफ्टवाल्याचे कान फार मोठे आहेत, पण माणूस कष्टाळू वाटला. त्याच्यासमोर रडू नकोस, सवय लागेल त्याला.

आजी

•

वुहान
२८ सप्टेंबर

आजी,

हे पत्र मी सांगते आहे आणि वेन्काई लिहितो आहे. तुझं पत्रही त्यानेच वाचून दाखवलं. कानांच्या ठिकाणी तो जरा थांबला, मग पुढे वाचत गेला. मला फोनचा पडदा बघायला डॉक्टरांनी बंदी केली आहे आणि बारीक अक्षरंही वाचता येत नाहीत, म्हणून असं.

कागदावर खरं लिहावं लागतं म्हणालीस, तर लिहिते. मला रडता येत नाही. येत नाही म्हणजे डोळ्यांत पाणीच नाही. दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरसाठी सख्ख्या भावाचीच जुळली म्हणून आशानच्या हाडांतली मज्जा घेऊन मला दिली, ते तुला माहीत आहे. त्याच्या पेशींनी माझ्या अंगात घर केलं, नवं रक्त तयार केलं, मी वाचले. पण त्या पेशी आशानच्या आहेत, माझ्या नाहीत. कधी कधी त्यांना मीच परकी वाटते. माझ्या डोळ्यांत पाणी तयार करणाऱ्या ज्या ग्रंथी असतात त्यांना त्यांनी परकं समजून मारून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसऱ्याची मज्जा घेतलेल्या बऱ्याच लोकांना असं होतं. सकाळी पापणी उघडते तेव्हा आत वाळू भरल्यासारखं खुपतं, उजेड टोचतो. दिवसभर औषधाचे थेंब घालत बसते.

आजोबांच्या वेळी मी रडत होते आजी. आतल्या आत रडत होते आणि डोळे नुसते जळत होते. तुझा नवरा गेला होता, तुला आणखी काय सांगायचं, म्हणून गप्प राहिले.

हे आशानला सांगू नकोस. त्याला वाटतं त्याने मला फक्त बरं केलं. तेवढंच वाटू दे.

लानशिन

(लिहिणाऱ्याकडून: आजी, माझे कान वडिलांवर गेले आहेत. वेन्काई.)

•

मापो
नववा महिना, चहाच्या झाडांना फुलं आलीत

लानशिन,

आशानला सांगू नकोस म्हणालीस. तुझं पत्र मला आशाननेच वाचून दाखवलं. लिफ्टवाल्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने मळा उकरल्यासारखं, मला ग्रंथी का काय ते लागलं नाही, म्हणून त्याला हाक मारली. तो त्या ओळीपाशी थांबला, मग शेवटपर्यंत वाचलं, "त्याला वाटतं त्याने मला फक्त बरं केलं" हेसुद्धा वाचलं. मग म्हणाला डुकरांना घालून येतो. डुकरांना त्याने सकाळीच घातलं होतं. आपली डुकरं त्या दिवशी दोनदा जेवली.

तेव्हापासून तो बोलत नाही. काल एवढंच म्हणाला की तुला दाराबाहेर मी पाठीवर नेणार नाही, चुलत्याचा फूवेन नेईल. मी विचारलं, का, तुझ्या पाठीला काय धाड भरली? तर म्हणाला, जिचे डोळे मी खाल्ले तिला कोणत्या पाठीवर घेऊ? असलं बोलणं कुठून शिकतो देव जाणे. नवरीला सख्ख्या भावाने न्यायचं असतं, उंबऱ्यापासून पालखीपर्यंत तिचे पाय माहेरच्या मातीला लागू द्यायचे नसतात. फूवेनला पोतं धड उचलता येत नाही.

आता तुझे डोळे. मला नाही वाटत ते मेले. आपला अंगणातला हातपंप आठव. बरेच दिवस चालवला नाही की नुसता हवा ओढतो. वरून तांब्याभर पाणी ओतलं की खालचं वर येतं. तुझ्या डोळ्यांनाही वरून काहीतरी घालायला हवं. सोबत रुमाल पाठवते. आल्याच्या रसात भिजवून सावलीत वाळवला आहे. बसायच्या आधी थोडा ओला करून डोळ्यांना टेकवायचा, झरझर येतं. या गावातली कुठलीच नवरी हा रुमाल घेतल्याशिवाय बसलेली नाही. माझ्या आजीनं मला दिला होता. मला नवरा बरा वाटला होता, रडू येणार कुठून?

सासूला सांगू नकोस. सगळ्या सासवांना माहीत असतं, पण सांगायचं नसतं.

आजी

•

वुहान
१९ ऑक्टोबर

आजी,

रुमाल मिळाला. कडेची विणलेली फुलं फार छान आहेत, तूच विणलीस ना? मी सराव सुरू करते. छिनबाईला शिव्या द्यायचं गाणं मला अजून पाठ आहे, फक्त मधलं डुकराच्या मांडीचं कडवं विसरले. ते लिहून पाठव.

आशानला सांग, डॉक्टरीणबाई म्हणतात, दात्याचा यात काही दोष नसतो. पेशींना कळत नाही कोण कुणाची बहीण. त्याला सांग, मला पाठीवर न्यायचं काम त्याचंच आहे, मी काही फार जड नाही, आजारपणात हलकी झाले आहे.

तुझी काळजी घे. माझी करू नकोस, मी मजेत आहे.

लानशिन

(लिहिणाऱ्याकडून: रुमाल वापरण्याआधी डॉक्टरांना विचारू, असं मी म्हणालो. हे वाक्य लिहू नकोस, असं ती म्हणाली. मी लिहिलं आहे. पण मी रविवारी कामावर असतो. वेन्काई.)

•

वुहान
३ नोव्हेंबर

आजी,

आशान लिहितो आहे. मी इथं आलो ते तुला सांगून आलो, पण का ते सांगितलं नव्हतं. वेन्काईचा फोन मलाच आला होता.

ताईने रुमाल वापरला. वेन्काई कामावर होता. ती गाणं म्हणत होती, मधे मधे रुमाल टेकवत होती, पाणी येईना म्हणून आणखी जोरात टेकवला. चांगल्या डोळ्याला आलं झोंबलं की पाणी येतं आणि ते आलं धुऊन टाकतं. ताईच्या डोळ्यांत धुवायला पाणीच नाही. आलं तसंच आत राहिलं. बुबुळावरची पातळ साल आधीच झिजली होती, ती सोलून निघाली. वेन्काई घरी आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, डोळे उघडता येत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय लावलंत? ताई म्हणाली, लग्नाची तयारी. त्या उत्तरेकडच्या आहेत, त्यांना कळेना की आलं आणि लग्न यांचा काय संबंध. वेन्काईने सगळं समजावून सांगितल्यावर त्या आधी हसल्या आणि मग इतक्या रागावल्या की नर्स बाहेर गेली. उजव्या डोळ्याला भोकच पडलं असतं, म्हणाल्या. कितीतरी दिवस पट्टी होती. आता डावा डोळा उघडतो, उजवाही उघडेल म्हणतात. थोडा डाग राहील कदाचित.

डोळ्यांत घालायच्या नव्या थेंबांसाठी तिचं रक्त काढलं. त्याचं काय करतात ते ती लिहील.

ताई म्हणते, आजीला सांग स्वतःवर रागावू नको म्हणून. मला तसं सांगता येत नाही. मी स्वतःवरच रागावलो आहे. रुमाल तुझा होता, पण पाणी मी नेलं होतं.

तिला पाठीवर घेण्याचं मला पुन्हा विचारू नको.

आशान

•

मापो
दहावा महिना, पहिलं दव गोठलं

लानशिन,

गावातले सगळे रुमाल गोळा करून चुलीत घातले. छिनबाईच्या पेटीत तिच्या मुलीचा जुना होता, तोही घातला. तिला वाईट वाटलं, वाटू दे. आलं आता माझ्या घरात फक्त माशाला लागेल.

आशानचं पत्र येताच मी तालुक्याला गेले, डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथला डॉक्टर पोरगेलाच आहे. मी म्हणाले, मला डोळा दाखवायचा नाही, डोळा कसा असतो ते दाखव. त्याने कागदावर काढून दाखवला. पाणी वरून कोपऱ्यातून येतं आणि नाकाच्या बाजूच्या बारीक भोकांतून निघून जातं. मला ठाऊक नव्हतं. मी इतक्या पोरींना रडायला शिकवलं आणि ते पाणी येतं कुठून, जातं कुठं, हे कधी विचारलं नाही. हातपंप वेगळा, डोळा वेगळा. ज्या विहिरीत पाणीच नाही तिथं वरून कितीही ओत.

छिनबाई आली होती. म्हणाली, मुलाच्या आईचं मन डळमळतं आहे, लग्न पुढच्या वर्षावर टाकू, पोरीला पाणी यायला लागल्यावर बघू. मी म्हणाले, पाणी येणार नाही. ना पुढच्या वर्षी, ना त्याच्या पुढच्या. ज्याला सून हवी त्याने सून न्यावी, ज्याला पाणी हवं त्याने घागर घेऊन ओढ्यावर जावं. हे मी तिला मुलाच्या आईला सांगायला पाठवलं. ती सांगेल, तिच्या पोटात काही राहत नाही.

तू रडायचं नाहीस. गायचं. गळा तर कोरडा नाही ना तुझा? मी फार बायका रडताना पाहिल्या आहेत. बऱ्याच जणींचं नाक वाहतं आणि गाणं ऐकूच येत नाही.

मध्यस्थीबद्दल तिला देतात त्या डुकराच्या मांडीचं कडवं हे घे. हे माझंच आहे, तुला कुठं सापडायचं नाही:

मधल्या बाई गं, तुला गोड बोलता येतं गं,
माझं दुःख तुझ्या ताटात मांडीचं मांस होतं गं.
खाशील तेव्हा बाई, दाढेत हाड अडकू दे,
माझ्या नावाने तुला महिनाभर ठसका लागू दे.

शेवटी खोकून दाखवायचं. सगळ्या हसतात.

त्या रक्ताच्या थेंबांचं लिही. आशान सांगत नाही. तो आला तेव्हापासून जेवतो, झोपतो, आणि मान खाली घालून जातो-येतो.

आजी

•

वुहान
८ डिसेंबर

आजी,

दोन्ही डोळे उघडले. उजव्याला थोडं धूसर दिसतं, पण वेन्काईचे कान दोन्ही डोळ्यांनी दिसतात.

थेंबांचं असं आहे. माझ्याच हातातून रक्त काढतात, नळीत ठेवून देतात. लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी उरतं. ते गाळून बारीक बाटल्यांत भरतात आणि गोठवून ठेवतात. तेच मी डोळ्यांत घालते. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुकानातल्या औषधाच्या पाण्यात जे नसतं ते या पाण्यात असतं, झिजलेली साल त्यानेच भरून येते. खरंच आली. मी एकदा गमतीने विचारलं, हे रक्त माझं की आशानचं? त्या म्हणाल्या, तुमचा रक्तगटसुद्धा आता भावाचा आहे. म्हणजे ज्याने माझे डोळे वाळवले त्याच्याच रक्ताने ते ओले होतात. मला हे इतकं आवडलं की दिवसभर हसत होते. आशानला वाचून दाखव.

(लिहिणाऱ्याकडून: डॉक्टर असंही म्हणाल्या की पेशी आशानच्या असल्या तरी त्या पाण्यातलं पुष्कळसं लानशिनच्या यकृतातून येतं. वे.)

नाकाकडच्या त्या भोकांना त्यांनी इवलीशी बुचं बसवली आहेत, घातलेलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून. तुला आवडेल, आपल्या भाताच्या खाचरांना बांध घालतात तसंच. थेंब ठरलेल्या वेळी घालावे लागतात, म्हणून वेन्काईने माझ्या मनगटाला वाजणारं घड्याळ बांधलं आहे. ते वाजलं की हातातलं सगळं सोडून बाटली काढायची, नाहीतर तो लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलतात तशा आवाजात बोलतो.

एक अडचण आहे. धूर मला चालत नाही. लग्न बाराव्या महिन्यात, आणि तेव्हा आपल्या घरात धुरावर सुकवायला मांस टांगलेलं असणार, खाली आग असणार. मी मावशीकडे उतरेन आणि लग्नाच्या सकाळी येईन, चालेल?

आणि आशानला सांग, फूवेनच्या पाठीवर मी बसणार नाही. तो आला नाही तर मी माझ्या पायांनी चालत पालखीत जाऊन बसेन, माहेरची माती तळव्यांना लावून सगळं नशीब घेऊन जाईन. मग तुमच्या बटाट्यांना कीड लागली तर मला बोलू नका.

लानशिन

•

मापो
अकराव्या महिन्याचा शेवट

लानशिन,

मावशीकडे उतरायचं नाही. नवरी माहेरातून निघते.

मांस उतरवलं. सगळं. ते आता छिनबाईच्या घरी टांगलं आहे. ती म्हणाली, माझ्या घरात तुमचा धूर का? मी म्हणाले, तू मध्यस्थ आहेस, काहीतरी कर. आगीचा खड्डा राख काढून झाकला. तुझ्या आजोबांच्या वडिलांच्या काळापासून ती आग एका हिवाळ्यातही विझली नव्हती, असं गावातली म्हातारी माणसं म्हणतात. मी त्यांना म्हणाले, तुमच्या घरची आग तुम्ही सांभाळा. आता घरात इतकी थंडी आहे की कोंबड्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. मी अंगावर दोन रजया घेऊन तुझ्या पलंगाची चादर विणते आहे. बोटं हलत नाहीत, म्हणून नक्षी जरा वाकडी आली. ती वाकडीच राहील.

लिफ्टवाल्याला सांग, यकृत वगैरे मला नको. तू दोन वाक्यं धड बोललीस की तिसरं हा घुसवतो.

तुझं पत्र आशानने वाचलं. रक्ताच्या ओळी दोनदा वाचल्या. आणखी एक सांगते. तो रोज बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन उंबऱ्यापासून अंगणाच्या कडेपर्यंत जातो, तिथं गुडघे वाकवून हळूच टेकवतो, आणि परत आणतो. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाला, बाजारात न्यायचंय. त्या दिवशी बाजार नव्हता.

थेंबांच्या बाटल्या इथं गोठवायची काळजी करू नकोस. खिडकीत ठेवल्या तरी गोठतील.

आजी

•

वुहान
२४ जानेवारी

आजी,

पोचलो. डोळे तपासून झाले, डॉक्टरीणबाईंनी लग्नाचे फोटो मागितले.

आता तू मला पत्र लिहायचं आहेस. माझ्याच लग्नात मला काही दिसलं नाही. डोक्यावर लाल ओढणी, समोर नुसता लाल उजेड, आणि मागे वळून बघायचं नाही असं तूच बजावलं होतंस. मी गायले, बायका रडत होत्या, मधे हसल्या, मग आशानने मला पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेवर घड्याळ वाजलं, मी थेंब घातले. मग तो थांबला आणि त्याची पाठ थरथरायला लागली. मला वाटलं मी पडते. काय झालं? पालखी निघाल्यावर मागून कसलातरी आवाज येत होता. वेन्काई म्हणतो कुत्रं असेल.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला विहीर दाखवली. पाणी काठोकाठ आहे.

लानशिन

•

मापो
बाराव्या महिन्याचे शेवटचे दिवस, उद्या सोयाबीन दळायचं आहे

लानशिन,

कुत्रं नव्हतं. सगळं सांगते, मधे थांबवू नकोस, लिफ्टवाल्यालाही थांबवू देऊ नकोस.

तू छान गायलीस. आईचं गाणं म्हटलंस तेव्हा तुझी आई रडली, ते धरायचं नाही, ती कारखान्याच्या फाटकापासून रडत आली होती. पण भावाच्या गाण्याला वरच्या आळीतली सोनाराची सून रडली, जिला मी कधी तोंड वाकडं करतानाही पाहिलं नाही. तुझा बाप उठून लाकडं मोजायला गेला. घरात आग नव्हती, कुणाला धुराचं निमित्त सांगता येईना. छिनबाई पहिल्या रांगेत बसली होती, मान पुढे काढून, तुझ्या ओढणीखाली काही ठिबकतं का बघत. ती मला हळूच म्हणाली, गळा आहे पोरीला, पण पाणी कुठं आहे? मी म्हणाले, तुझ्या कडव्याची वेळ झाली, सावरून बस. मग तू तिला महिनाभराचा ठसका दिलास आणि खोकलीस, आणि सगळ्या हसल्या. तिला खरंच ठसका लागला. पाणी मी दिलं.

मग आशान आला. नवे बूट, ओले केस, तोंड असं की कुणी कर्ज मागायला आलंय. फूवेन बाजूला उभा होता, मी त्याला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. आशान फूवेनकडे बघून म्हणाला, तू इथं का? मग वाकला आणि तुला पाठीवर घेतलं. चालला तर बटाटे नेतो तसाच, सावकाश, पाय तपासून.

अर्ध्या अंगणात तुझं ते घड्याळ वाजलं. आता शहाण्या बाईने पालखीत बसेपर्यंत थांबावं. पण तू त्या लिफ्टवाल्याला इतकी घाबरतेस की पाठीवर बसल्या बसल्या बाटली काढलीस, ओढणीचा कोपरा उचललास, मान वर केलीस आणि थेंब घातलेस. हलत्या पाठीवर घालतात का? निम्मे डोळ्यांत गेले, निम्मे गालावरून खाली, आणि खाली आशानची मान.

सगळ्यांनी पाहिलं. तुझ्या गालावर पाणी. छिनबाई उभी राहिली आणि हात वर करून ओरडली, "रडली, रडली, नवरी रडली." तुझी सासू तिच्या शेजारी होती, तिने तोंडाला हात लावला.

आशान थांबला तो तेव्हा. मी पुढे गेले, मला वाटलं हा आता पोरीला टाकतो. तर त्याने मान न वळवता मला विचारलं, "आजी, ताई रडली?"

मी म्हणाले, "ते तुझंच रक्त आहे, गाळलेलं. तुझं तुला परत मिळालं. चल आता, पालखीवाले ताटकळलेत."

तो चालला. तुला पालखीत बसवलं, गुडघे वाकवून, हळूच. मान पुसली नाही. पालखी ओढ्याच्या वळणावर गेली, आणि मग तो अंगणाच्या कडेला उकिडवा बसला आणि रडायला लागला. साधंसुधं नाही. मी आयुष्यभर पोरींना शिकवलं, असं एकीलाही जमलं नाही. नाक, तोंड, खांदे, सगळ्यांतून. लहानपणी मधमाश्या चावल्या होत्या तेव्हाही असा रडला नव्हता. तू ऐकलास तो आवाज त्याचा. बायका गोळा झाल्या, फूवेन त्याला धरायला गेला तर त्यालाच हुंदका आला. मी म्हणाले, रडू द्या, ताईच्या वाट्याचं पण त्यालाच रडायचं आहे, वेळ लागेल.

बरंच रडून झाल्यावर उठला, बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, भूक लागली. चार वाट्या भात खाल्ला. आता बोलतो. इतकं बोलतो की मला कधी कधी आधीचा बरा वाटतो. काल मला म्हणाला, पुढच्या वेळी ताईचं रक्त काढतील तेव्हा मी जाईन सोबत, माझं कसं काढतात ते बघायला. मी म्हणाले, तुझं नाही, तिचं. तो म्हणाला, तेच ते.

छिनबाई आता गावोगाव सांगते की मापोत अशी नवरी झाली नाही, पाठीवर बसून भावाच्या मानेवर रडली, आणि ते लग्न मी जमवलं. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. डुकराची मांडी तिला दिली, हाड काढून दिली.

मांस तिच्याकडून परत आणलं आणि टांगलं. तिच्याकडचा धूर पातळ आहे, रंग धड चढला नव्हता. आग पुन्हा पेटवली, घर धुराने भरलं आहे, कोंबड्या बाहेर गेल्या. तू केव्हा येणार ते चार दिवस आधी कळव, म्हणजे विझवून ठेवते.

आजी